थेंबाचा चौथा हिस्सा : जुन्या डीझेल गाडीच्या इंधनमार्गाची सफाई



गेल्या पावसाळ्यातील ही गोष्ट. आमच्या शाळेतील तीन विद्यार्थी आणि त्यांचे प्रयोगाचे साहित्य घेऊन मी चिपळूणहून कऱ्हाडच्या विज्ञान प्रदर्शनाला निघालो होतो. गाडी माझीच, जुनी, डीझेलवर चालणारी. चिपळूण सोडून घाटाच्या पायथ्यापर्यंत ती सुरळीत चालली. कुंभार्ली घाटाचा चढ लागला आणि ती आचके देऊ लागली. दोन वळणे कशीबशी पार केली आणि तिसऱ्या वळणावर, भर पावसात, एंजिन बंद पडले. मागे मालमोटारींची रांग लागली.

रांगेतील एक ट्रकचालक उतरून आला. त्याने गाडीचे झाकण उघडले, इंधनाच्या गाळणीच्या तळाचा स्क्रू सैल केला आणि खाली आमच्या थर्मासचे झाकण धरले. त्यात प्रथम पाणी आले, मग तपकिरी, बुळबुळीत तंतू आणि शेवटी डीझेल. "गुरुजी, तुमची गाडी पाणी पितेय," तो म्हणाला. त्याने स्क्रू आवळला, गाळणीवरचा छोटा हातपंप चाळीस-पन्नास वेळा दाबला, आत शिरलेली हवा काढली आणि गाडी सुरू करून दिली. दुसऱ्या गिअरमध्ये, जपून, आम्ही घाट चढलो. प्रदर्शनाला पोचेपर्यंत मांडणीची वेळ जवळजवळ संपली होती.

परत येताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, गाळणीत पाणी आणि घाण तर आधीपासूनच असणार. मग सपाटीवर गाडी नीट कशी चालली? घाटातच का थांबली?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर लगेच न देता आम्ही पुढच्या रविवारी गाडीचा इंधनमार्ग टाकीपासून साफ करायचे ठरवले. त्या सफाईत जे दिसले आणि जे समजले, तेच या लेखात सांगणार आहे.

ठिणगीशिवाय पेटणारे एंजिन

पेट्रोलच्या एंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटते. डीझेल एंजिनात ठिणगी नसते. तेथे सिलिंडरमध्ये प्रथम नुसती हवा घेतली जाते आणि दट्ट्या ती हवा जोराने दाबतो. जुन्या मोटारींच्या एंजिनांत २० ते २२ लिटर जागेतील हवा १ लिटर जागेत कोंबावी इतके हे संपीडन असते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा झटक्यात दाबली की तापते. डीझेल एंजिनात ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. अशा तापलेल्या हवेत डीझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो.

ही कल्पना रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याची. त्याचे एंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले. परंतु एक अडचण होती. दाबलेल्या हवेने भरलेल्या सिलिंडरमध्ये इंधन घुसवायचे, तर त्याला त्याहून अधिक दाब द्यायला हवा. डीझेलने त्यासाठी वेगळ्या यंत्राने दाबलेल्या हवेचा झोत वापरला. ते यंत्र अवजड होते. त्यामुळे डीझेल एंजिने कारखान्यांत आणि जहाजांत गेली, पण मोटारीत बसेनात. जर्मनीतील रॉबर्ट बॉश याच्या कंपनीने १९२७ साली लहानसा, अचूक इंधन-पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली आणि वाट मोकळी झाली. १९३६ साली मर्सिडीज-बेंझ २६० डी ही डीझेल मोटार विक्रीस आली. आपल्याकडे बंगळूरला १९५१ मध्ये स्थापन झालेली 'मायको' कंपनी पुढे असे पंप बनवू लागली. तिचे आजचे नाव बॉश लिमिटेड.

म्हणजे डीझेल मोटार रस्त्यावर आली ती या पंपामुळे. हा पंप किती अचूक असतो, ते एका हिशेबाने पाहू.

एका फवाऱ्यात किती डीझेल?

समजा, चार सिलिंडरची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि १ लिटरमध्ये १५ किलोमीटर जाते. म्हणजे तासाला ४ लिटर, अर्थात ४,००० घन सेंटिमीटर डीझेल लागते. एंजिनाचे मिनिटाला २,४०० फेरे होत आहेत असे धरू. चार धावांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा इंधन मिळते. म्हणून एका सिलिंडरला मिनिटाला १,२०० आणि चारही सिलिंडरांना मिळून ४,८०० फवारे. तासाला झाले २,८८,०००.

आता ४,००० ला २,८८,००० ने भागा. उत्तर येते सुमारे ०.०१४ घन सेंटिमीटर, म्हणजे १४ घन मिलिमीटर. पाण्याचा एक थेंब साधारण ५० घन मिलिमीटरचा असतो. म्हणजे एका फवाऱ्यात जाते ते थेंबाच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढे डीझेल! आणि हे काम एका सेकंदाच्या सुमारे सातशेव्या भागात उरकावे लागते.

एवढे थोडे द्रव मोजून, वातावरणाच्या दाबाच्या शंभर-दीडशे पट दाबाने ढकलायचे असेल, तर पंपात गळती मुळीच चालणार नाही. म्हणून पंपातील दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांच्यामध्ये २ ते ४ मायक्रॉनचीच फट ठेवतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एवढ्या अरुंद फटीत वेगळे वंगण घालता येत नाही. जुन्या मोटारींतील बहुतेक पंपांत डीझेल हेच वंगणाचे काम करते.

आता डीझेलमधील घाणीकडे निराळ्या नजरेने पाहता येईल. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते पोलादालाही ओरखडे पाडतात. पाच-दहा मायक्रॉनचा असा कण डोळ्यांना दिसत नाही, पण पंपाच्या फटीपेक्षा तो मोठा असतो. जी अचूकता डीझेल मोटारीचे बळ आहे, तीच तिची नाजूक जागा आहे.

टाकीत पाणी आले कोठून?

रविवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. गाडी सपाट, मोकळ्या जागेत उभी केली. एंजिन थंड होते. हातब्रेक ओढला, चाकांच्या पुढे-मागे दगड लावले आणि बॅटरीची ऋण टोकाची तार सोडवली. आसपास चूल, उदबत्ती, विडी काही नाही, याची खात्री केली. पेट्रोलइतके डीझेल पटकन पेटत नाही हे खरे. परंतु आपल्या मानकानुसार डीझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस असावा एवढेच बंधन आहे. उन्हाळ्यात अनेक गावांत पारा याच्या वर जातो. तेव्हा डीझेल निर्धोक आहे असे समजू नये. अशा कामात पेट्रोलने तर काहीच धुऊ नये.

टाकीच्या तळाचे बूच सैल करून पहिले लिटरभर डीझेल काचेच्या बरणीत घेतले आणि बरणी अर्धा तास स्थिर ठेवली. तिच्यात तीन थर दिसू लागले. वर पिवळसर, नितळ डीझेल. तळाशी पाणी आणि गंजाची लाल माती. आणि दोहोंच्या सीमेवर तपकिरी साय. डीझेलची घनता पाण्याच्या सुमारे ०.८३ पट असते, म्हणून पाणी तळाला जाते. गाडीतही ते टाकीच्या तळाशीच साचते.

सीमेवरची ती साय म्हणजे सजीव होते, हे ऐकून विद्यार्थ्यांना नवल वाटले. काही बुरशा आणि जीवाणू डीझेलमधील हायड्रोकार्बने खाऊन जगतात. पण त्यांना पाणीही लागते. म्हणून जेथे अन्न आणि पाणी भेटतात, त्या सीमेवरच त्या वाढतात. त्यांपैकी एक बुरशी विमानांच्या टाक्यांतही सापडते. पाणी काढून टाकले की या वसाहतीचा आधारच जातो. म्हणून पहिला शत्रू पाणीच.

बरणीतील पाणी मोजले, ते सुमारे १५० घन सेंटिमीटर भरले. ते आले कोठून? गाडी एप्रिल ते जुलै अंगणात अर्ध्या टाकीने उभी होती, ही माझीच चूक. एका विद्यार्थ्याने उत्तर दिले, "दवासारखे जमले असेल." आम्ही हिशेब करून पाहिला. ३० अंशांना १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावते, २० अंशांना १७ ग्रॅम. रात्री टाकी १० अंशांनी निवली, तर घनमीटरमागे १३ ग्रॅम पाणी सुटेल. टाकीतील रिकामी जागा ३० लिटर, म्हणजे ०.०३ घनमीटर. एका रात्रीत पाणी ०.४ ग्रॅम. टाकीतील सगळी हवा रोज बदलते असे धरले, तरी शंभर रात्रींत ४० ग्रॅम. प्रत्यक्षात हवा थोडीच बदलते, त्यामुळे याहून कितीतरी कमी.

पण बरणीत तर १५० ग्रॅम होते! मग उरलेले? आम्ही टाकीचे झाकण तपासले. आतल्या रबरी वायसरला चीर गेली होती. पावसाचे पाणी तेथून झिरपत होते. हिशेब केला नसता, तर सगळा दोष दवावर टाकून आम्ही मोकळे झालो असतो आणि पुढच्या पावसात टाकीत पुन्हा पाणी साचले असते. नवा वायसर बसवला.

टाकीतील उरलेले सर्व डीझेल काढून थोडे ताजे डीझेल आत घातले, खळबळून बाहेर काढले आणि ते स्वच्छ येईपर्यंत असे तीनदा केले. टाकी पाण्याने धुऊ नये. जे काढायचे, तेच आत राहील. टाकी आतून फार गंजली असेल तर ती उतरवून जाणकाराकडे द्यावी. रिकाम्या टाकीत वाफ राहते. तिला घरी डाग देण्याचा उद्योग प्राणघातक ठरू शकतो.

गाळणी आणि तिच्या घड्या

टाकीनंतर फीड पंपाची जाळी. तारेची ही बारीक जाळी मोठा कचरा अडवते. ती डीझेलमध्ये मऊ ब्रशने धुतली. फडक्याने पुसली नाही, कारण फडक्याचा एक धागाही पुढे गेला तर नवी अडचण.

मग मुख्य गाळणी. ती उघडण्यापूर्वी बाहेरून स्वच्छ पुसली. पुष्कळजण येथेच चुकतात. घाण काढण्यासाठी गाळणी उघडतात आणि बाहेरची माती आत पाडतात. जुनी गाळणी कापून पाहिली. आतील कागद घड्या घातलेला, आणि त्या घड्यांवर काळसर चिखल.

कागद घड्या घालून का ठेवतात? मोजून पाहा. ८ सेंटिमीटर व्यासाच्या आणि ८ सेंटिमीटर उंचीच्या साध्या नळकांड्याभोवती कागद गुंडाळला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर. त्याच जागेत २ सेंटिमीटर खोलीच्या ६० घड्या घातल्या, तर ६० × २ × २ × ८ म्हणजे १,९२० चौरस सेंटिमीटर. डब्याचा आकार तोच, पण कागद साडेनऊ पट! तेवढाच कचरा नऊपट जागेत पसरतो आणि गाळणी लवकर तुंबत नाही.

कागदाची गाळणी धुऊन पुन्हा वापरू नये. धुताना कागदाची छिद्रे फाटतात आणि मग ती नुसती नावाची गाळणी उरते. नवीच बसवावी. बसवण्यापूर्वी तिच्यात डीझेल भरायचे असेल, तर ते कडेच्या छिद्रांतून, म्हणजे ज्या बाजूने न गाळलेले डीझेल येते तेथून भरावे. मधल्या मोठ्या छिद्रातून ओतलेले डीझेल न गाळताच पंपात जाते.

प्रयोग : हवा काढणे का लागते?

गाळणी बदलली आणि किल्ली फिरवली, तर गाडी सुरू होणार नाही. नळ्यांत हवा शिरलेली असते. गॅरेजमध्ये म्हणतात, 'गाडीने एअर घेतली.' थोड्याशा हवेने एवढे मोठे यंत्र अडावे? हे समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा.

सुई नसलेली, नवी प्लॅस्टिकची पिचकारी घ्या. डॉक्टर इंजेक्शनला वापरतात, तीच. ती पाण्याने काठोकाठ भरा, हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. तोंड बोटाने घट्ट बंद करून दट्ट्या दाबा. तो हलतच नाही. आता पाणी काढून तेवढीच हवा घ्या आणि दाबा. दट्ट्या सहज आत जातो आणि सोडला की परत येतो.

बॉइलच्या नियमाने याचा हिशेब करू. समजा, पंपापुढील नळीत १ घन सेंटिमीटर हवा अडकली आहे. पंपाचा एक धक्का भर चढावरही ०.०३ घन सेंटिमीटर डीझेल ढकलतो. हवेचे आकारमान १ वरून ०.९७ झाले, म्हणजे दाब केवळ ३ टक्क्यांनी वाढला. नोझल उघडायला तर शंभरपटीहून अधिक दाब हवा. ते उघडणारच नाही. त्याच जागी नुसते डीझेल असते, तर तेवढ्याच धक्क्याने दाब वातावरणाच्या शेकडो पट चढू पाहिला असता आणि त्याआधीच नोझल उघडून फवारा उडाला असता. द्रव दबत नाही म्हणूनच हा पंप काम करू शकतो.

हवा काढण्याची रीत अशी. गाळणीवरचा हवेचा स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहायचे. प्रथम फेस येतो, मग बुडबुडे, मग डीझेलची अखंड धार. धार अखंड झाली की पंप दाबता दाबताच स्क्रू आवळायचा. नंतर हेच इंधन-पंपावरील हवेच्या स्क्रूपाशी करायचे. मग बॅटरीची तार जोडून गाडी सुरू करायची. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये, मध्ये थांबावे. आमची गाडी तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. पाच मिनिटे अडखळली आणि मग तिचा आवाज एकसारखा झाला.

येथे थांबावे

येथपर्यंतचा मार्ग कमी दाबाचा. टाकी, नळ्या, जाळी आणि गाळणी हे भाग मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली घरी साफ करता येतात. त्यापुढे पंप, पोलादी नळ्या आणि नोझल हा जास्त दाबाचा भाग. तेथे घरच्या हाताने थांबावे. याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण सुरक्षिततेचे. शंभर-दीडशे पट दाबाने निघणारा डीझेलचा बारीक फवारा कातडी भेदून शरीरात शिरतो. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, फारशी दुखतही नाही. पण आत गेलेले डीझेल स्नायू नासवते आणि बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. असे झाल्यास दुखण्याची वाट न पाहता ताबडतोब इस्पितळात जावे आणि काय घडले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. चालू एंजिनाची गळती बोटाने कधीही चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा दूर धरून पाहावी.

दुसरे कारण अचूकतेचे. नोझल साफ झाले की नाही, हे नुसते पाहून कळत नाही. पंप-नोझल दुरुस्त करणाऱ्या दुकानात ते तपासणी यंत्रावर लावतात. किती दाबाला ते उघडते, फवारा धुक्यासारखा उडतो की धारेसारखा, बंद झाल्यावर थेंब गळतो का, हे तेथे दिसते. धारेसारखे आलेले डीझेल पुरते जळत नाही. त्याचाच काळा धूर होतो.

बाजारात नोझल साफ करणारी द्रव्ये मिळतात. काही जण टाकीच्या नळ्या तात्पुरत्या सोडवून, त्या द्रव्याच्या डब्यात बुडवून त्यावरच एंजिन चालवतात. या द्रव्यांचे काम साबणासारखे असते. रेणूचे एक टोक काजळीला चिकटते, दुसरे डीझेलमध्ये विरघळते आणि घाण सुटते. नोझलवर नुसता डिंकासारखा थर असेल, तर याने फरक पडू शकतो. परंतु झिजलेला पोलादाचा भाग कोणतेही औषध भरून काढत नाही, टाकीतील पाणीही ते नाहीसे करत नाही. आधी टाकी आणि गाळणी, मग असली द्रव्ये; आणि तीही डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच.

रॉकेलने पंप धुण्याचा जुना रिवाज मात्र सोडून द्यावा. रॉकेल डीझेलपेक्षा पातळ, म्हणजे कमी श्यानतेचे. २ ते ४ मायक्रॉनच्या फटीत त्याचा वंगणाचा पापुद्रा टिकत नाही. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या भारत स्टेज-६ डीझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० भागांपेक्षा अधिक नसते. गंधक काढताना डीझेलचा मूळचा वंगणगुणही थोडा कमी होतो, म्हणून त्यात वेगळे वंगणद्रव्य मिसळावे लागते. त्यात रॉकेल ओतणे म्हणजे हे सगळे वाया घालवणे.

येथे सांगितलेली रीत डीझेल अँबॅसडर, जुन्या जीपा किंवा १९९८ च्या अखेरीस पुण्याहून आलेली पहिली टाटा इंडिका अशा यांत्रिक पंपाच्या गाड्यांची आहे. नव्या 'कॉमन रेल' गाड्यांत दाब वातावरणाच्या हजार-दोन हजार पट असतो आणि नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते. त्यांना घरी हात लावू नये.

काढलेले घाणेरडे डीझेल आम्ही गटारात ओतले नाही. झाकणाच्या डब्यात भरून, वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे दिले. पाण्यावर डीझेलचा एक थेंब केवढा पसरतो, हे पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यांत तुम्ही पाहिलेच असेल.

घाटातील कोड्याचे उत्तर

आता त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. गाडी सपाटीवर चालली, मग घाटात का थांबली?

सपाटीवर आमच्या गाडीला तासाला ४ लिटरच्या आसपास डीझेल पुरत होते. तुंबलेल्या गाळणीतूनही तेवढे येत होते. भर चढावर एंजिन पूर्ण जोर लावते, तेव्हा हीच गरज दुपटीहून अधिक होते. गाळणी तेवढे देईना, आणि एंजिन उपाशी राहिले. त्यातच घाटाच्या वळणांवर टाकीतील डीझेल हेलकावले, तळाचे पाणी नळीच्या तोंडाशी आले आणि गाळणीत जाऊन साचले. दोष महिनोन् महिने वाढत होता. चढाने तो फक्त उघडा केला.

म्हणून गाडी चढावर प्रथमच अडखळली की चढाला दोष न देता गाळणी पाहावी. गाडी फार दिवस उभी ठेवायची असेल, तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेला जागाच राहत नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गाळणीच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढावे. त्याला दोन मिनिटे पुरतात. ती दोन मिनिटे मी चार महिने दिली नव्हती, म्हणून तीन विद्यार्थ्यांना भर पावसात घाटात उभे राहावे लागले.

करून पाहा, सोडवा

१. काचेच्या बाटलीत अर्धे पाणी आणि अर्धे गोडेतेल घ्या. पाण्यात आधी थोडी शाई मिसळा. बाटली जोराने हलवून ठेवा आणि दोन थर पुन्हा स्पष्ट व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. मग द्रव भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब घालून तेच करा. वेळ का वाढतो? पाणी मिसळलेले डीझेल लगेच न तपासता अर्धा तास का ठेवावे लागते, हे यावरून सांगा.

२. एका गाडीच्या एंजिनाचे मिनिटाला ३,००० फेरे होतात आणि ती तासाला ९ लिटर डीझेल घेते. एंजिन चार सिलिंडरचे, चार धावांचे आहे. एका फवाऱ्यात किती घन मिलिमीटर डीझेल जाते?

३. टाकीतील रिकामी जागा ३० लिटरऐवजी ५ लिटर असती, तर वरच्या हिशेबाने शंभर रात्रींत जास्तीत जास्त किती पाणी जमले असते?

४. पिचकारीच्या प्रयोगात पाण्यात मुद्दाम एक छोटा बुडबुडा ठेवा आणि दाबून पाहा. दट्ट्या किती आत जातो? बुडबुड्याच्या आकाराशी त्याचा काय संबंध आहे?

शिक्षकांनी शक्य असल्यास जवळच्या गॅरेजमधून टाकून दिलेली एखादी गाळणी आणावी, ती कापून वर्गात दाखवावी आणि घड्यांचे क्षेत्रफळ विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावे. गाळणी हाताळताना हातमोजे वापरावेत.